ट्रोलिंग मोटरच्या दांड्याची लांबी

ट्रोलिंग मोटर म्हणजे मासेमारीची लहान होडी सावकाश आणि फारसा आवाज न करता चालवण्यासाठी वापरली जाणारी, बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर होय. ही मोटर पाण्याखाली असते. होडीवरील पकड आणि पाण्यातील मोटर यांना जोडणाऱ्या सरळ, पोकळ नळीला दांडा म्हणतात. दांड्याची लांबी किती असावी हे होडीच्या लांबीवर किंवा मोटरच्या ताकदीवर ठरत नाही. ज्या जागी मोटर बसवायची ती जागा पाण्याच्या पृष्ठभागापासून किती उंच आहे, यावर ती मुख्यतः ठरते. दांडा आखूड पडल्यास पंखा पृष्ठभागाजवळ फिरून हवा ओढतो व होडीवरील ताबा सुटतो. दांडा वाजवीपेक्षा लांब असल्यास तो उथळ पाण्यात दगडांवर व झाडांच्या खुंटांवर आपटतो. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांत पाण्याची पातळी वर्षभरात फार मोठ्या प्रमाणावर बदलत असल्याने हे दोन्ही धोके एकाच होडीला वेगवेगळ्या ऋतूंत संभवतात.

नाव आणि अर्थ

पाण्यातून गळ व आमिष हळूहळू ओढत नेऊन मासा पकडण्याच्या पद्धतीला इंग्रजीतून आलेला ‘ट्रोलिंग’ हा शब्द वापरला जातो. मराठी वृत्तपत्रांत नेहमी येणारा ‘ट्रॉलिंग’ हा शब्द निराळा आहे. ट्रॉलिंगमध्ये यांत्रिक नौकेमागे पिशवीसारखे मोठे जाळे समुद्राच्या तळालगत किंवा मधल्या थरातून ओढले जाते. त्या नौकेला ट्रॉलर म्हणतात. ट्रोलिंग मोटरचा ट्रॉलरशी काहीही संबंध नाही. समाजमाध्यमांवर कोणाची टवाळी करण्याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. उच्चार तोच असला तरी त्याचाही येथे संबंध नाही.

आज ट्रोलिंग मोटरचा उपयोग केवळ आमिष ओढण्यापुरता उरलेला नाही. वाऱ्यात होडी एका जागी धरून ठेवणे, काठाकाठाने सावकाश सरकणे, मासा बिथरणार नाही अशा रीतीने त्याच्या जवळ जाणे, ही कामे ती करते. मराठीत या यंत्रासाठी सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘विद्युत वल्हे’ हा शब्द अर्थाच्या दृष्टीने चपखल वाटतो, कारण ही मोटर जे काम करते ते पूर्वी वल्हेच करीत असे. तथापि या लेखात प्रचारातील शब्दच ठेवला आहे.

इतिहास

होडीच्या मागे अडकवता व काढता येईल अशा विद्युत मोटरची कल्पना पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जुनी आहे. फ्रेंच संशोधक गुस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसजवळून वाहणाऱ्या सेन नदीत अशी मोटर होडीच्या सुकाणूला जोडून चालवून दाखवली. त्या काळच्या बॅटऱ्या जड व अल्पजीवी असल्याने ती कल्पना व्यवहारात रुजली नाही. पुढे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास पेट्रोलवर चालणारे बाह्य इंजिन बाजारात आणले आणि लहान होड्यांच्या दुनियेत या इंजिनाचेच राज्य सुरू झाले.

मासेमारीसाठी खास तयार केलेली विद्युत मोटर १९३४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो या गावी ओ. जी. श्मिट यांनी बनवली. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारगाडीचा स्टार्टर काढून त्याला त्यांनी दांडा आणि पंखा जोडला. फार्गो हे गाव नॉर्थ डकोटा व मिनेसोटा या दोन राज्यांच्या सीमेवर असल्याने कंपनीचे नाव ‘मिन कोटा’ असे पडले. नंतरच्या काळात मोटर दांड्याच्या वरच्या टोकाकडून खाली पाण्यात गेली, पायाने चालवता येणारी यंत्रे आली, आणि अलीकडे उपग्रहाच्या साहाय्याने होडी आपोआप एका जागी रोखून धरणारी यंत्रेही आली. दांड्याच्या लांबीचा प्रश्न मात्र या सर्व बदलांत तसाच राहिला, कारण तो मूळचा यंत्राचा नसून होडीच्या उंचीचा आहे.

रचना

ट्रोलिंग मोटरचे वरचे टोक म्हणजे डोके. त्यात वेग कमी-जास्त करण्याची कळ असते. हाताने चालवायच्या मोटरला तेथेच मूठ असते. डोक्यापासून खाली दांडा निघतो. दांड्याच्या खालच्या टोकाला लांबट गोळ्यासारख्या जलरोधक आवरणात प्रत्यक्ष मोटर असते आणि तिच्या टोकाला पंखा. कोकणातील मच्छीमार नौकेच्या फिरत्या पात्यांना पंखाच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. दांडा पूर्वी पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा असे. आता काचतंतू व तत्सम मिश्र द्रव्यांचे दांडे प्रचारात आहेत. ते आघाताने थोडे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात.

दांड्यातून फिरणारा कोणताही भाग जात नाही, केवळ तारा जातात. पेट्रोलच्या बाह्य इंजिनाशी तुलना केल्यास या गोष्टीचे महत्त्व कळते. तेथे इंजिन वर आणि पंखा खाली असतो, त्यामुळे मधल्या भागातून फिरती कांब न्यावी लागते व तिची लांबी कारखान्यात ठरते ती कायमची. ट्रोलिंग मोटरचा दांडा मात्र पकडीतून वर-खाली सरकवता येतो. हव्या त्या खोलीवर तो अडवून धरण्यासाठी दांड्यावर एक कडी असते. ती सैल करून पुन्हा आवळली की खोली बदलते. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: जास्त लांबी वर उचलून घेता येते, कमी लांबी कशानेही भरून काढता येत नाही.

बाह्य इंजिनाच्या मापाशी होणारी गल्लत

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व खाड्यांत पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारी बाह्य इंजिने लावलेल्या लहान होड्या सर्रास दिसतात. या इंजिनांच्या दांड्यांची मापे जगभर जवळजवळ ठरलेली आहेत: १५ इंच म्हणजे आखूड, २० इंच म्हणजे लांब आणि २५ इंच म्हणजे अतिलांब. मोठ्या इंजिनांत ३० इंचांचाही दांडा मिळतो. ही मापे इंजिन जेथे टेकते तेथपासून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पट्टीपर्यंतची असतात. ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तळापेक्षा सुमारे इंचभर खाली यावी, असा संकेत आहे. म्हणजेच बाह्य इंजिनाचा दांडा होडीच्या पिछाडीच्या फळीच्या उंचीवरून निवडला जातो. ही उंची होडी बांधतानाच ठरलेली असते; माणसे चढली किंवा उतरली तरी ती बदलत नाही.

ट्रोलिंग मोटरचा हिशेब वेगळा आहे. तिचा संबंध होडीच्या तळाशी नसून पाण्याच्या पृष्ठभागाशी आहे, आणि पृष्ठभागापासूनची उंची ओझ्याप्रमाणे बदलते. शिवाय तिच्या दांड्याचे जाहीर केलेले माप साधारणपणे डोक्याच्या खालच्या कडेपासून मोटरच्या गोळ्यापर्यंतच्या संपूर्ण नळीचे असते. ‘आपल्या होडीला २० इंची इंजिन बसते’ एवढ्या माहितीवर जो ट्रोलिंग मोटर मागवतो, त्याच्या हाती निरुपयोगी माप येण्याचा संभव मोठा असतो.

पंख्याच्या खोलीचे शास्त्र

पंखा पाणी मागे लोटतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून होडी पुढे जाते. हे होताना पंख्याच्या पुढच्या बाजूला दाब कमी होतो. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर त्या कमी दाबाकडे वरची हवा खेचली जाते. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्श्याएवढी असल्याने हवा मिसळलेल्या पाण्यात पंखा वेगाने फिरतो खरा, पण लोटण्यासारखे त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. होडीचा जोर एकदम कमी होतो, खळखळाट होतो आणि मासे दूर जातात. मोटरभोवतीचे पाणीच तिला थंड ठेवत असल्याने ती वारंवार पाण्याबाहेर फिरणे यंत्रालाही अपायकारक असते. या प्रकाराला पुष्कळदा ‘कॅव्हिटेशन’ म्हटले जाते, परंतु ते चूक आहे. कॅव्हिटेशनमध्ये कमी दाबामुळे पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात. येथे बाहेरची हवा आत ओढली जाते.

शांत पाण्यासाठी मोटरचा मध्य पृष्ठभागाखाली सुमारे १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर, असावा असे सर्वसाधारण मार्गदर्शन केले जाते. पंख्याचा व्यास १० इंच धरला तर पात्याचे वरचे टोक पाण्याखाली ७ इंच राहते. होडीची नाळ लाटेवर ७ इंच उचलली गेली की हे टोक पृष्ठभागाला लागते. जलाशयातील मध्यम वाऱ्यातही लहान होडीची नाळ एवढी सहज उचलली जाते. त्यामुळे लाटांच्या पाण्यात ५ ते ६ इंच अधिक लांबी धरावी लागते. ही भर म्हणजे चैन नव्हे, कारण लाटा उसळलेल्या असतात नेमक्या त्याच वेळी होडीवर ताबा असण्याची सर्वांत जास्त गरज असते.

मोजमापाची पद्धत

होडी शांत पाण्यात ठेवावी. मोटरची पकड जेथे बसणार त्या पृष्ठभागापासून पाण्यापर्यंतचे सरळ उभे अंतर ओळंब्याने किंवा टेपने मोजावे. फळी तिरपी असल्यास फळीलगत मोजू नये, कारण तिरके माप खऱ्या उंचीपेक्षा मोठे येते. मिळालेल्या अंतरात सुमारे २० इंच मिळवावेत. यापैकी १२ इंच पाण्यातील खोलीसाठी आणि उरलेले पकड, कडी व डोके यांना लागणाऱ्या जागेसाठी असतात. नाळेवर उभे राहून हाताने मूठ धरून मोटर चालवायची असेल तर मूठ सोयीच्या उंचीवर यावी म्हणून आणखी फूटभर लांबी लागते. लाटांची भर वर सांगितल्याप्रमाणे निराळी.

पिछाडीच्या फळीवर बसणाऱ्या मोटरींसाठी ढोबळ हिशेब असा पडतो: उंची १० इंचांपर्यंत असल्यास ३० इंचांचा दांडा, १० ते १६ इंच असल्यास ३६ इंचांचा, त्याहून अधिक असल्यास ४२ इंचांचा. नाळ पिछाडीपेक्षा उंच असते व लाटेवर अधिक हलते, म्हणून तेथे मोठी मापे लागतात. १६ ते २२ इंच उंचीच्या नाळेला ४५ ते ५० इंचांचा, २२ ते २८ इंच उंचीला ५४ इंचांच्या आसपासचा आणि त्यापुढे ६० इंचांचा दांडा लागतो. समुद्रातील उंच नाळेच्या नौकांसाठी ७२ इंचांचे व त्याहूनही लांब दांडे मिळतात. सेंटिमीटरच्या हिशेबात ३० इंच म्हणजे ७६, ३६ म्हणजे ९१, ४२ म्हणजे १०७, ५४ म्हणजे १३७ आणि ६० म्हणजे १५२. कंपनीगणिक या मर्यादा थोड्याफार बदलतात, त्यामुळे अंतिम निर्णय त्या मोटरच्या माहितीपत्रकावरून करावा.

मोजताना होडी रिकामी असावी की भरलेली, या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक निवडीचे मर्म येथेच आहे. समजा, सपाट बुडाची १२ फूट लांब व ४ फूट रुंद होडी आहे. तिचे पाण्यावरील क्षेत्रफळ ४८ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४.४६ चौरस मीटर. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिच्यावर १०० किलोग्रॅम ओझे चढवल्यास तेवढ्याच वजनाचे पाणी बाजूला सारले जाईल, आणि १०० लिटर पाणी ४.४६ चौरस मीटरवर पसरले तर त्याची जाडी सुमारे २.२ सेंटिमीटर भरते. तीन माणसे, एक बॅटरी व जाळी मिळून २५० किलोग्रॅम धरले तर होडी ५.६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच खाली बसते. पिछाडीची फळी रिकाम्या होडीत पाण्यापासून १६ इंच उंच असेल तर भरलेल्या होडीत ती पावणेचौदा इंचांवर येते. प्रत्यक्षातील होडी तळाकडे निमुळती असल्याने हा आकडा थोडा बदलेल, परंतु अंदाजासाठी तो पुरेसा आहे.

भरलेल्या होडीत मोजावे, असे सर्रास सांगितले जाते. रिकाम्या होडीपेक्षा ते वास्तवाला जवळचे आहे हे खरे; पण होडी नेहमीच भरलेली नसते. तीन माणसांच्या ओझ्याला पुरेसा पडणारा दांडा, एकटा माणूस बाहेर पडला की अपुरा पडू शकतो. त्यातही तो माणूस पिछाडीला बसला तर पिछाडी दबते आणि नाळ वर उचलली जाते. मोटर नाळेवर असेल तर सव्वादोन इंचांचा हा फरक पाहता पाहता चार-सहा इंचांवर जातो. म्हणून आपण ज्या सर्वांत हलक्या स्थितीत पाण्यावर जाणार आहोत त्या स्थितीत, माणूस जेथे बसणार तेथेच बसवून, मोजणे अधिक सुरक्षित ठरते. एकट्या माणसाच्या मदतीला होडीत दुसरा कोणी नसतो, ही गोष्टही विसरता येत नाही.

मोजलेले माप दोन आकारांच्या मधोमध आले तर लांब दांडा घ्यावा. मात्र ‘लांब तेवढे चांगले’ हा समज खरा नाही.

अतिलांब दांड्याचे तोटे

दांडा हा एका टोकाला धरलेल्या तरफेसारखा असतो. ५५ पौंड जोराची मोटर सुमारे २५ किलोग्रॅम भाराएवढा रेटा देते. पकडीपासून मोटर ३० इंचांवर असताना पकडीवर जो वाकवणारा परिणाम होतो, तो ४५ इंचांवर दीडपट होतो. पाण्याखालच्या खडकावर दांडा आपटला तरीही हाच हिशेब लागू पडतो. पकड सैल होणे, फळीला तडा जाणे, वेगात दांडा थरथरणे ही या ताणाची लक्षणे होत. पिछाडीची फळी पातळ असल्यास तिला आतून जाड लाकडाचा आधार देणे शहाणपणाचे असते.

शिवाय दांडा वर ओढून घेतला की त्याचे डोके तेवढेच उंच होते. गळ फेकताना दोरी त्यात अडकते, आणि होडी काठावर आणताना किंवा वाहनावर चढवताना तो अडचणीचा होतो. लांब झालेला दांडा कापून आखूड करण्याचा मोह काहींना होतो. आत तारा असतात, टोकांशी जलरोधक जोड असतात. हे काम घरी करण्याजोगे नाही. आखूड दांड्याला नळी जोडून तो लांब करणे त्याहून वाईट, कारण सर्वाधिक ताण नेमका जोडावर येतो. मूठ लांब करण्यासाठी मिळणारी जोडनळी ही वेगळी वस्तू आहे. तिने हात पोहोचण्याची सोय होते, पंखा खाली जात नाही.

भोर व वेल्हे परिसरातील जलाशय

पुणे जिल्ह्याच्या भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत सह्याद्रीच्या खोऱ्यांतून अडवलेल्या पाण्याचे अनेक मोठे जलाशय आहेत. भोंगवली हे गाव ज्या तालुक्यात आहे त्या भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. १९२० च्या दशकात बांधून झालेल्या या धरणाला मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या नावावरून लॉईड धरण म्हणत. त्याच्या जलाशयास आता येसाजी कंक यांचे नाव आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे २३.५ अब्ज घनफूट आहे. याच तालुक्यातील नीरा देवघर धरणाची क्षमता पावणेबारा अब्ज घनफुटांच्या जवळपास आहे. राजगड तालुक्यात गुंजवणी व पानशेत ही धरणे आहेत. नीरा खोऱ्यातील पाणी खाली वीर धरणाकडे येते आणि तेथून निघणाऱ्या कालव्यांनी शेतीला मिळते.

या जलाशयांचे पाणी सिंचनासाठी व पिण्यासाठी सोडले जात असल्याने त्यांची पातळी वर्षभर सारखी राहत नाही. पावसाळ्याअखेर ते काठोकाठ भरतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाशी जाते. भाटघरच्या पाण्याखाली वर्षाचा बराच काळ बुडालेले कांबरे येथील कांबरेश्वराचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. ट्रोलिंग मोटर वापरणाऱ्याने या मंदिराकडे आणखी एका दृष्टीने पाहायला हवे. ऑक्टोबरमध्ये ज्या जागेवरून होडी निर्धास्त जाते तेथेच पाण्याच्या पोटात भिंती, बांध, विहिरींचे कठडे, जुने रस्ते आणि झाडांचे खुंट आहेत. पाणी उतरत जाते तसे हे सर्व टप्प्याटप्प्याने पंख्याच्या पातळीवर येते. पूर्ण उघडी पडलेली भिंत दिसते व टाळता येते. पाण्याखाली वीतभर राहिलेली भिंत दिसत नाही आणि तिचाच धोका सर्वांत अधिक असतो.

यामुळे या भागात एकाच दांड्याला दोन विरुद्ध कामे करावी लागतात. पावसाळा संपता संपता जलाशय भरलेला व वाऱ्याने ढवळलेला असताना पंखा खोल हवा. लांबट खोऱ्यात वारा पाण्याच्या लांबीच्या दिशेने वाहू लागला की लाटांना वाढायला मोकळे अंतर मिळते आणि काठ नजरेसमोर असूनही होडी तेथे पोहोचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्याच होडीला उथळ, खडकाळ कडांशी सावकाश जायचे असते. तेव्हा पंखा शक्य तितका वर हवा. अशा ठिकाणी भरल्या जलाशयाच्या हिशेबाने दांडा निवडून उन्हाळ्यात कडी खाली सरकवून तो वर घ्यावा, हाच मार्ग उरतो. केवळ उन्हाळ्यातील उथळ पाणी पाहून आखूड दांडा घेतल्यास पावसाळ्यानंतर तो धोक्याचा ठरतो. दगड लागताच मोटर आपोआप मागे वर उचलली जाईल अशी पकड येथे विशेष उपयोगी पडते.

या जलाशयांतील व्यावसायिक मासेमारी मुख्यतः जाळ्यांनी होते. रोहू, कटला, मृगळ व तिलापिया हे मासे मिळतात. बहुतांश मच्छीमार वल्ह्याच्या होड्या, तराफे किंवा हवा भरलेल्या ट्यूबा वापरतात. विद्युत मोटर त्यांच्याकडे क्वचितच दिसते. बॅटरीसह तिचा खर्च पाहता त्यात नवल नाही. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांच्यापुढे निराळीच अडचण उभी राहते: तराफ्याला किंवा ट्यूबेला पकड बसवण्याजोगी फळीच नसते. तेथे आडवे लाकूड घट्ट बांधून त्यावर पकड घेतात. असे लाकूड पाण्यापासून जेमतेम ५-६ इंच उंच असते, त्यामुळे ३० इंचांचा सर्वांत आखूड दांडाही पुरतो. मोठा दांडा घेतल्यास हलका तराफा त्याच्या तरफेमुळे डोलू लागतो.

मच्छीमारांची लावलेली जाळी पाण्यात पृष्ठभागालगतच असतात. हौशी गळकऱ्याचा पंखा त्यांत अडकला तर नुकसान मोटरचे होते त्याहून अधिक जाळ्याच्या मालकाचे होते. जाळ्यांच्या खुणेचे तरंगते डबे दिसताच मोटर बंद करून, दांडा वर उचलून वल्ह्याने जाणे हा साधा शिष्टाचार आहे.

जलपर्णी असलेल्या पाण्यात, उदाहरणार्थ मुंबईच्या पवई तलावात, लांब दांड्याने फायदा होत नाही. जलपर्णी वर तरंगते पण तिची मुळे खाली लोंबतात आणि दांड्याभोवती गुंडाळली जातात. तेथे लांबीपेक्षा पात्यांचा आकार महत्त्वाचा. मागे झुकलेल्या पात्यांवरून वनस्पती निसटते.

खाडी व समुद्र

कोकणातील खाड्यांत भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते; मुंबईच्या परिसरात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हा फरक चार मीटरांच्या पुढे जातो. भाटघरला जे सहा महिन्यांत घडते ते येथे सहा तासांत घडते. चिखलाच्या तळावर दांडा आपटून मोडण्याचे भय कमी, परंतु पंख्यात गाळ व दोऱ्या जाण्याचे अधिक. खाऱ्या पाण्यासाठी वेगळ्या लेपाच्या व गंजरोधक मोटरी मिळतात. गोड्या पाण्याची मोटर समुद्रात वापरू नये. किनाऱ्यावरील पारंपरिक नौकांची नाळ उंच व पुढे झेपावलेली असल्याने नाळेवर ट्रोलिंग मोटर बसवणे बहुधा शक्य नसते. तेथे पेट्रोलचे बाह्य इंजिनच मुख्य राहते.

दांडा आणि ताकद

लांब दांडा म्हणजे अधिक ताकद, असा समज आढळतो. तो निर्माण होण्याचे कारण एवढेच की मोठ्या होड्यांना दोन्ही गोष्टी जास्त लागतात आणि विक्रेते लांब दांडे जोरदार मोटरींनाच जोडून विकतात. ताकद पौंडांत मोजली जाते. माणसे व सामानासह होडीच्या दर १०० पौंड, म्हणजे ४५ किलोग्रॅम वजनामागे किमान २ पौंड जोर हवा, असा ढोबळ संकेत आहे. ५०० किलोग्रॅमच्या भरलेल्या होडीला त्यानुसार सुमारे २२ पौंड पुरतात. पण वाऱ्याच्या जलाशयात याच्या दीडपट-दुप्पट घेणे इष्ट. साधारण ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतात, त्यापुढे २४ किंवा ३६ व्होल्ट लागतात.

पूर्ण वेगात ५५ पौंडांची मोटर ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये हे ध्यानात घेतले तर पूर्ण वेगाने हाती जेमतेम एक तास राहतो. आखूड दांड्यामुळे पंखा हवा ओढू लागला की चालवणारा वेग वाढवत नेतो, होडी तेवढी पुढे जात नाही आणि हा तास काठापासून दूरच संपतो. वल्ही आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट होडीत असणे म्हणूनच मोटर असतानाही आवश्यक असते. पंख्यात अडकलेली वनस्पती किंवा दोरी काढण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. केवळ वेगाची कळ शून्यावर आणणे पुरेसे नाही. धरणाच्या जलाशयात यांत्रिक होडी नेण्यासाठी जलाशयाची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाची आणि मासेमारीसाठी ठेका असलेल्या संस्थेची परवानगी आधी घ्यावी लागते.